काकूंचं नाव यादीत

लिहिणाऱ्यांनी लिहावं आणि आपण वाचावं, असंच मी आजवर मानत आलो. आमच्या घरात सहीच्या पलीकडे पेन चालवणारा पहिला माणूस मी, आणि ते पेनही पुढे सगळं आकडेमोडीतच झिजलं. त्यामुळे आठवणी लिहायला बसण्याचं धाडस करतो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. त्यातून ही आठवण पूर्णपणे माझीही नाही. ती एका काकूंची आहे. माझी त्यात फक्त एक चूक आहे.

चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा संपत आला होता. एम. एस. करायला ओहायोत येऊन मला वर्ष झालं होतं. दर शनिवारी दुपारी एक काका गाडी घेऊन यायचे आणि मला ओहायोतल्याच डब्लिन गावी आपल्या घरी जेवायला न्यायचे. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. गणपतीच्या आरतीला ओळख झाली होती, आणि मी कुठला, घरी कोण असतं, हे विचारून झाल्यावर काकूच म्हणाल्या होत्या, "शनिवारी जेवायला येत जा." काका पुण्याचे, इंजिनियर. काकू नागपूरच्या. नऊ वर्षांची एक मुलगी होती, ती मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची.

डब्लिन तेव्हा अर्धं गाव आणि अर्धं मक्याचं शेत होतं. नवी घरं जिथं संपायची तिथून मका सुरू व्हायचा, आणि दुपारच्या उन्हात घरं आणि मका दोन्ही एकाच रंगाचे दिसायचे. त्या शनिवारांची आता मला मोजदाद करता येत नाही. ते सगळे मिळून एकच लांब दुपार झाली आहे. पोट भरलेलं, डोळे जड, मी सोफ्यावर, आणि स्वयंपाकघराच्या टेबलापाशी काका-काकूंचा वाद.

वाद राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा. त्या उन्हाळ्यातच दोघांनी हात वर करून शपथ घेतली होती आणि ते अमेरिकन नागरिक झाले होते. पक्षांची नावं त्या घरात कुणी घेत नसे. एकाची निशाणी हत्ती, दुसऱ्याची गाढव, म्हणून एक पक्ष हत्ती आणि दुसरा गाढव. काका हत्तीवाले. त्यांच्या ऑफिसातले बहुतेक जण हत्तीवाले होते, देश पुन्हा ताठ उभा राहिला आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि शिवाय हत्तीला गणपतीचं तोंड होतं.

"जे लोक स्वतःहून गाढव ही निशाणी घेतात," काका म्हणायचे, "त्यांच्या अकलेबद्दल मी वेगळं काय बोलू?"

"काय बोलून राहिले तुम्ही," काकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या. "हत्ती मिरवणुकीत चालतो. ओझं कोण वाहतं?"

"धोब्याचं."

"मग धोब्याचे कपडे काय हत्ती नेतो का?"

मी हसायचो, आणि मला डुलकी लागायची. त्या डुलकीत हत्ती आणि गाढवं एकामागून एक डब्लिनच्या हिरव्या अंगणांतून चालत जायची. अंगणांत पक्षांच्या पाट्या रोवलेल्या असायच्या, त्यांना धक्का न लावता ती अगदी अदबीनं बाजूनं वाट काढायची आणि मक्यात शिरायची. जाग आली की वाद तिथंच असायचा.

गाढवांकडून त्या वर्षी उपाध्यक्षपदासाठी एक बाई उभी होती. काकूंचा जीव तिथं होता. बाईला हे जमेल का, अशी चर्चा टीव्हीवर चालायची तेव्हा त्यांना आश्चर्य वाटायचं. आपल्याकडे तर बाईच देश चालवते आहे, तिच्याशी भांडायचं असलं तरी लोक पंतप्रधान म्हणूनच भांडतात, आणि हे चंद्रावर जाऊन आलेले लोक अजून विचारतातच आहेत, असं त्या म्हणायच्या. काका म्हणायचे, उपाध्यक्षाला काम काय असतं? काकू म्हणायच्या, काम नसेल तर मग बाईला द्यायला एवढे का घाबरतात?

वाद अडला की काका नेहमीचं बोलायचे. "म्हणजे तुझं एक, माझं एक. दोन्ही कॅन्सल. त्यापेक्षा त्या दिवशी मी सुट्टी टाकतो, घरी बसून भजी खाऊ."

सगळे हसायचो. काकूसुद्धा हसायच्या. एका शनिवारी मात्र काका मुलीला पोहायला सोडायला गेले असताना काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. मेथीची जुडी निवडायला घेतली होती, ती तशीच मांडीवर ठेवली. त्यांनी आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं, हे त्या दिवशी मला कळलं. भारतात तेव्हा एकविसाव्या वर्षी मत मिळायचं, आणि ते पूर्ण व्हायच्या आत लग्न होऊन त्या इकडे आल्या. इकडे इतकी वर्षं परक्या नागरिक म्हणून गेली. "अडतीस वर्षांची झाले," त्या म्हणाल्या, "अन् मला कुणी अजून विचारलंच नाही, की बाई, तुझं काय म्हणणं आहे."

मग म्हणाल्या, "घरातले सगळे फॉर्म हेच भरतात. मी खाली सही करते. ही एक गोष्ट मला ह्यांच्या हाताशिवाय करायची आहे." आणि विचारलं, "माझं नाव यादीत आलं असेल ना रे?"

इथं मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. माझे वडील सूतगिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. आमच्या आळीत कुणाला कसलाही कागद आला की तो माझ्याकडे यायचा. कोर्टाचा असो, दवाखान्याचा असो, "वाच रे, काय लिहिलंय?" मी सातवीत असल्यापासून उत्तरं देत होतो. कळलं नाही तरी देत होतो, कारण समोरच्या म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणं मला जमत नसे. "माहीत नाही" हे दोन शब्द मला कॉलेजातही सहज म्हणता आले नाहीत. शिकलेल्या माणसाला माहीत असतंच, असं आमच्या घरी सगळे धरून चालत, आणि मीही.

काकूंनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाळेचे गुरुजी आले. निवडणुकीआधी ते मोठं रजिस्टर घेऊन घरोघर फिरत. आई त्यांना चहा द्यायची. ते चष्मा सावरून विचारत, घरात मोठी माणसं किती, आणि सगळ्यांची नावं लिहून घेत. नाव यादीत येण्यासाठी आपण काही करायचं असतं, हे मला कुठं ठाऊक होतं? काकूंनी शपथ घेतली, सरकारनं त्यांना कागद दिला, म्हणजे सरकारला त्या माहीत झाल्या.

"येणारच, काकू," मी म्हणालो. "शपथ झाली की नाव आपोआप यादीत जातं."

त्यांनी मेथीची जुडी उचलली आणि पानं खुडायला लागल्या. चेहऱ्यावर असं समाधान होतं की मलाही मोठं काम केल्यासारखं वाटलं. सप्टेंबरचा शेवट होता. तेव्हा कुणीतरी सांगितलं असतं तर वेळ होता.

ऑक्टोबर सगळा पानगळीत गेला. मग महिन्याच्या अगदी शेवटी, मतदानाला आठवडा उरला असताना, आपल्या पंतप्रधान बाईंना गोळ्या घातल्याची बातमी आली. त्या शनिवारी कुणी वाद घातला नाही. काकांनी हत्तीचं नाव काढलं नाही. फोन लागत नव्हते, टीव्हीवर दिल्लीतला धूर दिसत होता, आणि काकू जेवण वाढून झाल्यावर ताट न घेता बसून राहिल्या. मला सोडायला दारापर्यंत आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "मंगळवारी तू येशील का माझ्यासोबत? ह्यांना नको सांगू. हे सकाळी ऑफिसला जाता जाता देणार आहेत. आपण नंतर जाऊ."

मंगळवारी मी एक तास बुडवला आणि बसनं गेलो. बसच्या शेवटच्या थांब्यापासून अर्धा तास चाललो. काकू तयार होत्या. निळी रेशमी साडी, वरून काकांचा जुना कोट. मतदान मुलीच्या शाळेत होतं. तिथं आम्ही चालतच गेलो. ऊन होतं पण ते गरम नव्हतं. पानांचा थर इतका जाड होता की आमची पावलं आम्हाला दुसऱ्याच कुणाची वाटत होती. एक पान त्यांच्या पदराला चिकटून बरोबर आलं, ते त्यांना कळलं नाही, आणि का कोण जाणे, मी सांगितलं नाही.

शाळेच्या व्यायामशाळेत मतदानाची, पडदे लावलेली यंत्रं ओळीनं उभी होती. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. काकूंनी नाव सांगितलं. बाईंनी पान उलटलं, बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. आडनाव सापडलं होतं. काकांचं नाव होतं, त्यापुढं सकाळची त्यांची सहीही होती. खाली दुसरंच कुणी सुरू होत होतं.

तुम्ही नोंदणीचं कार्ड भरलं होतं का, बाईंनी विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बाई फार मायेनं बोलत होत्या, ते मला अजून टोचतं. ज्यानं त्यानं आपलं कार्ड भरायचं असतं, निदान महिनाभर आधी. तुमच्या यजमानांनी त्यांचं भरलं होतं. आता या वेळी काही करता येणार नाही.

काकू "थँक यू" म्हणाल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला वाट करून दिली. दारापाशी शाळेतल्या मुलांनी केलेल्या खोट्या निवडणुकीचा निकाल भिंतीवर लावला होता. त्यांच्या मुलीनंही त्यात मत दिलं होतं. म्हणजे त्या घरात काकू सोडून सगळ्यांची मतं देऊन झाली होती.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काकू, मला माहीत नव्हतं. मी उगाच सांगितलं."

त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तुझा राग नाही रे. मी तुला विचारलं, ह्यांना नाही विचारलं. शेवटी दुसऱ्यालाच विचारलं ना."

त्या संध्याकाळी त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं. काका घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "काय, केलंस ना मला कॅन्सल?"

काकू ताटं मांडत होत्या. "झालं," त्या म्हणाल्या. तेवढंच. काका खूश होऊन हसले. जेवणं होईपर्यंत टीव्हीवरचा नकाशा एकेका राज्यानं एकाच रंगाचा होत गेला, आणि काकांनी काकूंच्या पाठीवर थोपटून म्हटलं, पुढच्या वेळी. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. त्या खोट्यात मी भागीदार होतो आणि त्या खोट्याचं कारणही मीच होतो.

त्यानंतर मी शनिवारी कमी जाऊ लागलो. परीक्षा, प्रोजेक्ट, काहीतरी सांगायचो. पदवी मिळाली, शेजारच्या मिशिगन राज्यात, नोव्हायला, मोटारींच्या एका कारखान्यात नोकरी लागली, आणि डब्लिनचा फोन नंबर माझ्या वहीत तसाच राहिला. कृतघ्न म्हणतील, म्हणोत. फोन उचलून काय बोलायचं ते मला सुचायचं नाही. कधी कधी दुपारी डोळा लागला की ती शाळा दिसायची. बाईंचं बोट यादीवरून खाली खाली जात राहायचं, पान संपायचंच नाही, आणि मी शेजारी उभा राहून काकूंना सांगत असायचो, येणारच, येणारच.

चार वर्षं गेली. पुन्हा निवडणूक आली, पुन्हा अंगणांत पाट्या आल्या. मी कुणाशी वाद घातला नाही. मतदान होऊन गेल्यावरच्या आठवड्यात काकूंचं पत्र आलं. माझा पत्ता त्यांनी कुणाकडून मिळवला ते लिहिलं नव्हतं. अनेक आशीर्वाद, काकांचा गुडघा, मुलगी आता त्यांच्यापेक्षा उंच झाली आहे. मग लिहिलं होतं की त्या मंगळवारनंतर चारच दिवसांनी त्या एकट्या लायब्ररीत गेल्या आणि कार्ड भरून आल्या. दोन ठिकाणी चुकलं, दुसरं मागून घेतलं. त्यानंतर शाळेच्या बोर्डापासून मेयरपर्यंत एकही मतदान त्यांनी सोडलं नव्हतं. "तुला तेव्हाच सांगणार होते," असं होतं, "पण तू फोनच करत नाहीस."

आणि खाली, कागदाच्या कडेला जागा उरली होती तिथं, बारीक अक्षरात:

"काल पहिल्यांदा प्रेसिडेंटला मत दिलं. पडद्याआड जरा जास्तच वेळ थांबले. मागे रांग होती, पण कुणी काही बोललं नाही."