भंगारातून परत आणलेले आठ थिन क्लायंट

तीन कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या गाडीत चढले होते, चौथा त्याच्या माणसाच्या हातात होता. मी लॅबमधून धावत खाली आले. "उतरवा सगळे. मी प्राचार्यांशी बोलून येते," म्हणाले.

रिसोडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. ऑफिसला नवे कॉम्प्युटर आल्यामुळे जुने अकरा निघाले होते. एरवी मी अडवलं नसतं. पण आदल्याच दिवशी इंगोले ताई माझ्याकडे येऊन गेल्या होत्या.

ताई आमच्याकडे शिपाई. पहिल्या एसटीने येतात, कॉलेज उघडतात, झाडतात. संस्थेत क्लार्कच्या जागा निघणार होत्या, आणि शिपायांना त्यात यायचं तर कॉम्प्युटर टायपिंगची परीक्षा पास होणं भाग होतं. ताईंसह पाच जणींनी फॉर्म भरले होते. गावातल्या क्लासच्या वेळा ड्यूटीत येत होत्या. माझी लॅब दिवसभर मुलांनी भरलेली.

"मॅडम, त्या जुन्यातला एखादा मले भेटन का?" ताईंनी विचारलं होतं. "हात बसवायचा हाय. बाकी काही नाही."

प्राचार्य गावंडे सरांनी माझं ऐकून घेतलं. "मॅडम, ते चालू व्हायलेच दहा मिनिटं घेतेत. कायले जीव घालता त्यात?"

"थिन क्लायंट करते सर."

"म्हणजे?"

"लॅबमधला एक दमदार कॉम्प्युटर सर्व्हर होईल. सगळं काम तो करेल. जुन्यांनी फक्त कीबोर्डवरचं त्याच्याकडे पाठवायचं आणि त्याने दिलेलं स्क्रीनवर दाखवायचं. त्यांना स्वतःची हार्ड डिस्कसुद्धा लागणार नाही."

सरांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "आठ दिवस देतो. नवव्या दिवशी दाखवा. नाही जमलं तर गाडी पुन्हा येईन, अन् मंग तुमी आडव्या यायचं नाही."

सुटीनंतर एका रिकाम्या खोलीत आम्ही अकराही डबे उघडले. आत धुळीचे थर होते. एकात पालीची अंडी निघाली. ताई ब्रशने साफ करत होत्या, मी पार्ट तपासत होते. तीन मदरबोर्ड मेलेलेच होते. त्यांची रॅम काढून बाकीच्यांत घातली. राहिले आठ. घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी आठांचीही बदलावी लागली. हार्ड डिस्क सगळ्यांच्या काढून टाकल्या. चौथ्या दिवशी पहिला डबा सर्व्हरवरून सुरू झाला. अर्ध्या मिनिटात. मी एकटीनेच खोलीत टाळ्या वाजवल्या.

पाचव्या दिवशी आठही लावले. तीन सुरू झाले, पाच अडकले. केबल बदलल्या. मग पाच सुरू झाले, तीन अडकले, आणि तेही वेगळेच. सहाव्या दिवशी सर्व्हरवरचं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून भरलं. तरी तेच. एकदा चालणारा डबा दुसऱ्यांदा चालेलच याचा भरवसा नाही. सातव्या दिवशी माझं डोकं उठलं होतं. पण सोडायचं नाही हे ठरलेलं होतं. प्रत्येक डब्याला नंबर दिला आणि कोणता कधी चालतो ते वहीत लिहायला घेतलं.

ताई चहा घेऊन आल्या. वही बघून म्हणाल्या, "मॅडम, सकाळी तर आठही चालतेत."

"कोण म्हणतं?"

"मी दोन दिस झाले पाहून राह्यली ना. झाडायले येते तवा सगळे चालू करते. आठच्या आठ लागतेत. ऑफिसातले लोक आले का मंग बिघडते."

"ऑफिसातले लोक आल्यावर काय करतात?"

"काय करन? लाइट लावतेत, पंखा लावतेत, अन् तो वायफायचा डबा लावतेत."

मी चहा तसाच ठेवून ऑफिसात गेले. राउटरचं बटण बंद केलं. क्लार्क ओरडला, "मॅडम, माझा फॉर्म भरणं चालू हाये!" पण वर येऊन डबे पुन्हा सुरू केले, तर आठही स्क्रीन उजळले.

झालं होतं असं. थिन क्लायंट सुरू झाला की नेटवर्कवर हाक मारतो: माझा पत्ता काय, मी सुरू कुठून होऊ? याचं पूर्ण उत्तर फक्त सर्व्हरकडे असतं. पण ऑफिसचा राउटरही त्याच तारांवर होता, आणि पत्ते वाटण्याचं काम तोही करत होता. त्याचं उत्तर आधी पोचलं की डब्याला पत्ता मिळायचा, पुढची वाट मिळायची नाही. ऑफिस आणि ही खोली जोडणारी एक केबल होती. ती काढली. टायपिंगला इंटरनेट लागत नाही.

नवव्या दिवशी सर आले. पाच जणी टाइप करत होत्या. सर मागे उभे राहून बघत होते, तेवढ्यात लाइट गेली. आठही स्क्रीन काळे झाले.

"आता?" सर म्हणाले.

"सर्व्हर बंद पडला की सगळे बंद पडतात सर. हा याचा दोष आहे, लपवत नाही. सर्व्हरला आणि स्क्रीनला यूपीएस हवा."

सर खाली गेले. दुपारी त्यांच्या केबिनमधला यूपीएस वर आला. त्याच्यावर सर्व्हर आणि दोन डबे टिकतात. लाइट गेली की दोघी टाइप करायच्या, तिघी थांबायच्या.

परीक्षेत पाचांपैकी तिघी पास झाल्या. ताई त्यांत नव्हत्या. स्पीड कमी पडला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले, तर त्या तीन नंबरच्या डब्यावर बसलेल्या. "कायले रडू?" म्हणाल्या. "बोटं हायेत, डबा हाये." पुढच्या खेपेला पास झाल्या. आता ऑफिसात आवक-जावक सांभाळतात.

नेटवर्क रुसलं की मी आता केबल तपासण्याआधी विचारते, इथे सकाळी सगळ्यात आधी कोण येतं? मग त्या माणसाला खुर्ची देते आणि ऐकते. निम्म्या वेळा केबल तपासावी लागत नाही.