गप्पी माशांचा उपास

घाटकोपरच्या त्या शुद्ध शाकाहारी बिल्डिंगीत मासे आणायची हिंमत केली ती सरकारने, आणि सांभाळायला लागले वॉचमन अनंता परबला. मूळचा मालवणकडचा माणूस, माशाशी त्याचं नातं आजवर फक्त तव्यावरचं. आता रोज सकाळी कारंज्याच्या हौदात वाकून बघायचा, सगळे जिवंत आहेत ना.

झालं असं, की हौदात डासांच्या अळ्या सापडल्या. मलेरिया खात्याच्या नंदूने त्यात गप्पी मासे सोडले. "अळ्या खातात. फुकटचं औषध!" सेक्रेटरी हर्षदभाईंनी आधी नाक मुरडलं, पण दंडाचं नाव ऐकून मान डोलावली. वर अनंताला दम, "परत अळी निघाली ना, तर तू गावाला."

पण तिसऱ्या मजल्यावरच्या जयाबेन पडल्या जीवदयावाल्या. सकाळी गाठिया, संध्याकाळी खाकऱ्याचा चुरा. त्यांचं बघून बाकीच्या बायकाही वाट्या घेऊन हजर. मासे असे गुबगुबीत झाले, की पोहायचाही कंटाळा. शेजारी अळ्या बिनधास्त वळवळत.

नंदूने पळीभर पाणी काढलं नि ओरडला, "अंत्या, वाट लागली! मासे करतात काय?"

"जेवतत नि निजतत."

"मग उपाशी ठेव ना!"

"जयाबेनाक कोण सांगतलो? तू सांग."

"माझं काम मासे सोडायचं. सोमवारी साहेब येणार, तू बघ."

हर्षदभाई म्हणाले, "अळी नको हां. आणि जयाबेनचं मन पण दुखवू नको."

अनंता चक्रावला. खायला घालू द्यावं तर नोकरी जाते. अडवावं तर जयाबेन तक्रार करतात, तरी नोकरी जातेच. मग करायचं काय?

सकाळी जयाबेन वाटी घेऊन आल्या. अनंताच्या तोंडून निसटलं, "बेन, आज नको. माशांचा उपास आहे."

वाटी हवेतच थांबली. "किती दिवसांचा?"

"आठ," त्याने ठोकून दिलं.

"अठ्ठाई! आम्हा जैनांचा आठ दिवसांचा मोठा उपास!" जयाबेननी हौदालाच हात जोडले. "मासा असून बघ! पण उपास सोडवणार मीच हां."

सोमवारी साहेबांच्या पळीत नुसतं पाणी. हर्षदभाईंनी अनंताची पाठ थोपटली. उपास सुटायच्या दिवशी जयाबेन ताटभर गाठिया घेऊन उतरल्या, मागे अख्खी बिल्डिंग.

अनंताने ताटाकडे बघितलं, माशांकडे बघितलं, डोकं खाजवलं.

"बेन," तो हळूच म्हणाला, "ह्यांचा पुढचा उपास कधी धरूया?"