‘तिले’ म्हणजे कोणाले?

कॉलेजच्या फाटकापाशी शेजारचे वर्माजी सायकल धरून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दीदी नहीं रही." माझ्या मनात आधी आईच आली, कारण वर्माजी तिलाही ‘दीदी’च म्हणायचे, आणि घरात आजारी असायची ती आईच. त्यांना ते कळलं असावं. "मम्मी नहीं बेटा… दीदी." ‘दीदी’वर त्यांचा आवाज असा टेकला, की पुढं काही विचारायचं उरलं नाही. साधी वाटलेली कावीळ आमच्या सुमनताईला घेऊन गेली.

याला आता काही आठवडे झाले. लिहावं की नाही, मला अजून नीट कळत नाही. आमच्या घरात असं काही लिहिणारी मी पहिलीच.

आम्ही मरोद्याच्या क्वार्टरात राहतो. बाबा स्टील प्लांटमध्ये, मिलवर. तिथल्या आवाजात वर्षानुवर्षं ओरडून बोलल्यानं त्यांचा प्रत्येक शब्द सारख्याच वजनाचा झाला, आणि कानही गेले. शब्द सगळ्यांना ऐकू यायचे, पण ते कोणाबद्दल, हे ताईच ओळखायची. मी एकदा म्हटलं, "मी नाही सांडली साखर!" ती हसली. "‘मी’वर एवढा जोर कावून वं? माह्यावर ढकलून राहिली काय? ‘साखर’वर दे. मंग आई म्हणन, मीठ सांडलं असंन पोरीनं."

मी, निमा, मॅट्रिक झाले, तेव्हा ताई मॅट्रिक होऊन घरीच बसली होती. आईला दमा, त्यामुळे एकीला घर सांभाळणं भागच होतं. त्या दिवशी जेवताना बाबा आईला म्हणाले, "सुमन निमाले शिकवते. तिले कॉलेजात टाक."

"तिले म्हणजे कोणाले?" आईनं विचारलं. बाबांना ते ऐकू गेलं नाही. आम्ही दोघींनी सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

ताई पोळी लाटत होती. लाटणं जरा थांबलं… "निमाले," ती म्हणाली. "‘तिले’वर जोर होता ना."

मला तो ऐकू आला नव्हता. पण ताई चुकत नसे, आणि मी इतकी खूश होते… कॉलेजात गेल्यावर कधीतरी ध्यानात आलं, की बाबांच्या बोलण्यात जोर कधी नसतोच, आणि जोर नसेल तर गोष्ट सुमनचीच चालली होती. ‘तिले’ म्हणजे सुमनच. हे तिला विचारायचं मी किती वेळा ठरवलं. दर वेळी काहीतरी काम निघायचं, आणि ती हसून दुसरंच काही बोलायची.

परवा बाबांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, तवा कॉलेजात कोणाले टाक म्हटलं होतं?"

बाबा माझ्याकडे वळले. मग त्याच सपाट आवाजात म्हणाले, "तिले."

मी समोर असले की बाबा मला ‘तुले’ म्हणतात. ‘तिले’ कोण, हे कळायला या वेळी जोराची गरजच नव्हती… तरी माझी मान स्वयंपाकघराकडे वळली, ताईनं आतून ‘निमाले’ म्हणावं म्हणून.