स्नेहलनं पुणं का नको म्हटलं

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या चौकात माझ्या बहिणीचा डिजिटल बोर्ड लागला. वर स्नेहलचा हसरा फोटो, कोपऱ्यात माझा गॉगल घातलेला... आणि मध्ये ठळक अक्षरात, 'पुणे येथील नामांकित विद्यापीठात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : दादा व मित्रपरिवार.'

बोर्ड मीच लावायला सांगितला होता, इथं जम्मूत बसून. बोगद्याच्या साईटवर पोकलेन चालवतो मी. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा आपटलो. मग हॉटेल, ट्रक, चांदीची भट्टी सगळं करून बघितलं... एका जागी पायच ठरत नाही. त्यामुळं स्नेहलचं पुण्याला नाव लागलं म्हटल्यावर मला राहवलं नाही. जयसिंगपूरला बोर्ड छापणाऱ्या जावेदला फोटो पाठवले आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड उभा.

एकच राहिलं होतं... स्नेहलला विचारायचं.

तिचं कोल्हापूरच्या विद्यापीठात पण नाव लागलं होतं. दोन्हीकडं एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याचं शिक्षण. बोर्ड बघून तिनं फोन केला आणि शांतपणे सांगितलं, मी कोल्हापूरला जाणार.

मी भडकलोच. म्हटलं, आपल्या घरात पहिल्यांदा कुणाला शिकायला बाहेर पडायला मिळतंय आणि तू वडापच्या शेअर जीपनं जाता येईल तिथं जाणार? लोक काय म्हणतील, बोर्ड लागलाय...

तिचं कारण कळायला आधी आमच्याकडचा पूर कळायला लागतो.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, अगदी नदीकाठाला. पाणी चढायला लागलं की पंचायतीचा स्पीकर गल्लीगल्लीतनं ओरडत फिरतो, घरं सोडा, घरं सोडा... आणि कुणी हलत नाही. गोठ्यात म्हशी बांधलेल्या असतात, त्यांना टाकून माणूस निघणार कसा?

एका पुरात शेजारच्या शांतव्वा अशाच अडून बसल्या. एकटी बाई, एकच म्हैस. पाणी गल्लीच्या तोंडाला आलेलं, मोठी मोठी माणसं समजावून दमली. स्नेहल सरळ गोठ्यात शिरली, दावं सोडलं आणि म्हैस घेऊन चढाच्या रस्त्याला लागली.

मागनं शांतव्वा धावत, "मुडदा बशिवला तुझा, माझी म्हस कुठं न्हेतीस?" शिव्या देता देता त्या कधी पाण्याबाहेर आल्या, त्यांनाच कळलं नाही.

तेव्हापासून गल्लीतल्या पोरी गोळा करून स्नेहलनं हेच काम धरलं. आधी जनावरं हलवायची, माणसं आपोआप मागनं येतात. शाळेच्या मैदानात कुणाची म्हैस कुठं बांधायची, वैरण कुणाच्या ट्रॅक्टरमधनं आणायची, कुठल्या दोघी शेजारी बांधल्या की शिंगं लावतात... पोरी सगळं उन्हाळ्यातच ठरवून ठेवतात. आता पंचायतवाले पण स्पीकर लावायच्या आधी तिला फोन करतात.

पुण्याच्या मुलाखतीत तिनं हेच सांगितलं. सगळे मनापासून हसले. चांगली माणसं होती, असं तीच म्हणते... पण त्यांना ती एक गंमत वाटली आणि ते पुढच्या प्रश्नावर गेले.

कोल्हापूरच्या मुलाखतीतल्या मॅडम हसल्या नाहीत. गाभण म्हशी कशा नेता, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. स्नेहल उत्साहात सांगत सुटली. मग त्या म्हणाल्या, "आणि ज्याच्या घरात जनावरच नाही, त्याच्या दारात कोण जातं?"

एवढी वर्षं काम करून हा प्रश्न स्नेहलला पडलाच नव्हता.

फोनवर मला म्हणाली, "दादा, मला त्या मॅडमकडंच शिकायचं हाय. आपल्या गावातला प्रश्न हाय की हा. पुण्याला जाऊन कुणाला विचारू?"

मी काहीतरी सुनवायला तोंड उघडलं आणि आमचंच दार डोळ्यांपुढं आलं.

आमच्या घरात कधीच जनावर नव्हतं. आईबाप दुसऱ्याच्या रानात मजुरीला. मी लहान असताना मोठं पाणी आलं, तेव्हा आम्ही गल्लीत सगळ्यात शेवटी निघालो होतो. आईच्या कडेवर तान्ही स्नेहल, बापाच्या डोक्यावर ज्वारीचं गाठोडं आणि माझ्या छातीपर्यंत पाणी... आमच्या दारात कुणी आलं नव्हतं. तिला ते आठवणं शक्य नाही, मला आठवतं.

एवढंच म्हटलं, जा कोल्हापूरला.

जावेदला कळवलं, तसा लगेच त्याचा फोन. "भावा, बोर्ड उतरवू का पुण्यावर कोल्हापूर चिकटवू?" म्हटलं, चिकटव. त्यानं चिकटवलंय, पण वाकडं... जाणारा येणारा मान तिरकी करून वाचतोय म्हणे.

परवा ॲडमिशन झालं. आई गेली होती आणि जीपमध्ये शांतव्वा पण चढून बसल्या होत्या, कुणी बोलावलं नसताना. मला व्हिडिओ कॉल लावून दिला होता. डिपार्टमेंटच्या दारात उभ्या राहून त्या मॅडमना दम देत होत्या, "पोरीला नीट शिकवा. पर पाणी आलं की सोडाय लागंल तिला, आधीच सांगतो." मॅडम म्हणाल्या, सोडायचं कशाला, आम्ही पण येऊ.

यंदा पोरींनी उन्हाळ्यात मारलेली घरोघरची फेरी परत मारायला घेतली आहे... ज्या घरांत गोठा नाही, त्या घरांपासून.

इथं साईटवर पोरं विचारतात, बहीण काय शिकते. एम.एस.डब्ल्यू. म्हटलं तर कुणाला कळत नाही. म्हणून मी सांगतो, आमच्यासारख्यांच्या दारात वेळेवर कसं पोचायचं, ते शिकते.