मावशींच्या नावापुढचं शून्य

मी काय काम करते हे आईला शेजारणींना नीट सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर लेबलं लावते," असं ती सांगते. तसं ते बरोबरच आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या एका खासगी डेअरीने कामगारांसाठी मोबाईलवर छोटे धडे तयार केले आहेत. कॅन कसा धुवावा, थंड टाकीचं तापमान कसं बघावं, वजन उचलताना पाठ कशी सांभाळावी, असे तीन-चार मिनिटांचे व्हिडिओ. कुठल्या व्हिडिओतून कुठलं कौशल्य शिकायला मिळतं हे ठरवून मी त्याला टॅग लावते. तिकडे कामगार आपल्याला काय काय येतं याचा फॉर्म भरतात. मग ॲप दोन्ही जुळवून ज्याला जेवढं येतं त्याच्या पुढचे धडे दाखवतं. धाराशिवच्या ऑफिसात खिडकीजवळ हेडफोन लावून बसायचं आणि कुणाशी फार बोलायचं नाही, म्हणून मला हे काम मनापासून आवडलं होतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे कौशल्यांची यादी मी आधी इंग्रजीत केली, मग मराठीत आणली. यादी फार नीटनेटकी झाली होती. मला तिचा गुपचूप अभिमान होता.

पहिला प्रयोग कळंबजवळच्या शीतकरण केंद्रात सुरू झाला. गावोगावचं दूध टेम्पोने तिथं येतं, तपासलं जातं आणि थंड टाकीत जातं. तिथल्या लॅबमध्ये मदतनीसाची एक जागा रिकामी होती. डेअरीने ठरवलं की बाहेरचा माणूस घ्यायचा नाही. ॲप ज्यांना लॅबचे धडे दाखवेल आणि जे ते महिनाअखेरपर्यंत पुरे करतील, त्यांचीच परीक्षा घ्यायची.

महिना संपायला आठवडा असताना मी अहवाल उघडला. एका बाईंच्या नावापुढे सगळ्या कौशल्यांत शून्य होतं. ॲप त्यांना 'हात कसे धुवावेत' पासून शिकवत होतं आणि त्या प्रत्येक धडा शेवटपर्यंत बघत होत्या. 'हात कसे धुवावेत' तर त्यांनी सहा वेळा बघितला होता. मला वाटलं, कुणी नवीन लागलेली मुलगी असेल, फार मेहनती. ऑफिसातल्या साहेबांना मी कौतुकाने दाखवलं.

"मग जाऊन भेटून या की," साहेब म्हणाले.

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी कुणाचं कौतुक केलं की मला कुठंतरी जावं लागतं.

एसटीने कळंबला उतरले, रिक्षाने केंद्रावर गेले आणि फाटकाशीच उभी राहिले. टेम्पो नुकताच आला होता. कॅन एकेक करून ओट्यावर उतरत होते. पन्नाशीच्या एक मावशी, साडीवर रबरी ॲप्रन, झपाझप झाकणं उघडत होत्या. झाकण काढायचं, नाकाशी धरायचं, परत ठेवायचं. दूध बघायच्यासुद्धा नाहीत.

"ह्यो बाजूला," त्या एका कॅनपाशी थांबून म्हणाल्या.

लॅबमधले केमिस्ट सर बाहेर आले. त्यांनी त्या कॅनमधलं थोडं दूध काचेच्या नळीत घेतलं आणि आत नेऊन उकळलं. दूध फाटलं. ते टाकीत गेलं असतं तर सगळी टाकी गेली असती.

"नेहमी असंच?" मी सरांना हळूच विचारलं.

"चौदा वर्षं झाली बघतोय. मावशींनी बाजूला काढलेला कॅन परत आत गेलेला मला आठवत नाही."

मी मावशींना नाव विचारलं. अहवालातलं शून्य त्यांचंच होतं.

मी पर्समधून फॉर्मची प्रत काढली. एकाही चौकोनात खूण नव्हती. "मावशी, तुम्ही काहीच का नाही भरलं?"

"आता काय भरू? मला कुठं काय येतंय," त्या ॲप्रनला हात पुसत म्हणाल्या. "आन् येत असलं तरी आपणच आपलं सांगायचं व्हय? लाज वाटत न्हाय का?"

"मला न्हाय वाटली," टेम्पोवाले दादा ओट्यावरून ओरडले. "म्या समद्यावर खुणा केल्या. लॅबचे धडे मलाच यायलेत रोज!"

"तुला दूध आन् ताक यातला फरक कळतो का?" मावशींनी विचारलं.

"मोबाईलला वाटतंय, कळतो. तुमी कोण इचारणाऱ्या?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. झाकणाच्या वासावरून दूध ओळखायचा एक धडा आमच्याकडे होता. त्याच्या शीर्षकात 'चाचणी' हा शब्द होता, म्हणून व्हिडिओ पुरता न बघताच मी त्याला फक्त 'लॅब' हा टॅग लावला होता. त्यामुळे ओट्यावरच्या कौशल्यांत वास ओळखणं आलंच नव्हतं, फॉर्मवर त्याचा चौकोनच नव्हता. म्हणजे मावशींनी खुणा केल्या असत्या तरी माझ्या यादीत त्यांच्या नाकाला जागा नव्हती.

आणि फॉर्मचं म्हणाल, तर मला त्यांना काही बोलायचा अधिकार नव्हता. नोकरीच्या अर्जात 'तुमची बलस्थानं' या रकान्यात मी 'थोडंफार इंग्रजी' असं लिहिलं होतं. बारावीपर्यंत सगळं इंग्रजीत शिकून.

मग मला सुचलं. मी एका उपड्या कॅनवर बसले आणि दादांना विचारलं, "मावशींना काय काय येतं?"

"मावशींला? लिवा. आंबलेलं दूध वळखता येतं. पावडर घातलेलं येतं. कोणत्या गावचा कॅन कसा धुतला तेबी सांगतात. कंच्या म्हशीनं काय खाल्लं, तेबी सांगत्याल."

"गप रे. उगंच काहीबी!" मावशी म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"आणि दादांना?" मी मावशींना विचारलं.

"गाडी चांगली चालवतो. पाऊस असो, चिखल असो, दूध येळंवर आणतो. बोलतो मात्र लई."

मी सगळं लिहून घेतलं. आता साहेबांना फोन करायचा होता. फोनवर बोलणं मला नको वाटतं, म्हणून वाक्यं आधी कागदावर लिहून काढली. मी कॅनच्या रांगेमागे जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगितलं: टॅग माझा चुकलाय, मी आज दुरुस्त करते, आणि इथला फॉर्म ज्याने त्याने स्वतःचा भरायचा नाही, सोबतच्याने भरायचा.

"हे कुणाचं म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

"माझं."

 मग ते म्हणाले, "बरं. करा."

दुसऱ्या दिवशी मावशींच्या मोबाईलवर लॅबचे धडे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, त्या वासाच्या इडिओत चूक हाय. तो माणूस झाकण काढून लई येळ बोलत बसतो. तवर वास उडून जातोय. झाकण काढलं की लगेच नाकाला लावावं." मी व्हिडिओ परत बघितला. खरंच, तो माणूस बोलत बसला होता. मी डेअरीला कळवलं. महिना संपायच्या आत मावशींनी लॅबचे सगळे धडे पुरे केले.

परीक्षेच्या दिवशी मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. केमिस्ट सरांनी आधी तोंडी प्रश्न विचारले, तर मावशी पदर सावरत ओट्यावरच्या कॅनकडे बघत राहिल्या. सरांनी कागद बाजूला ठेवला आणि पाच कॅन पुढ्यात मांडले. मावशी उठल्या. एक, दोन, तीन. चौथ्याशी थांबल्या. "ह्यो." मग नळीत दूध घेतलं, स्वतः उकळलं आणि फाटलेलं दूध सरांपुढे धरलं.

जागा त्यांना मिळाली. पांढरा कोट अंगात घालून त्या बाहेर आल्या तेव्हा मी अभिनंदन केलं.

"मला कुठं काय येतंय," मावशी म्हणाल्या.

"मॅडम, फारम काढा," दादा म्हणाले. "एक ऱ्हायलंय लिवायचं. मावशींला खोटं बोलताबी येतं."