शब्दकोशाच्या पैशांत

शब्दकोड्याचं बक्षीस माझ्यामुळे लागलं असं मी अजूनही म्हणते, आणि हे म्हणतात ह्यांच्यामुळे. सत्तर सालानंतरची गोष्ट. एका साप्ताहिकात दर आठवड्याला कोडं यायचं. आम्ही नवरा-बायको ते सोडवायला बसलो की शेजारच्यांना वाटायचं, आज ह्या घरात भांडी फुटणार. हे कचेरीत कारकून, मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे. दुसऱ्या बायका नवऱ्याशी सासूवरून भांडतात, मी वेलांटीवरून भांडायचे.

एप्रिलात पोस्टमन मनीऑर्डर घेऊन दारात उभा राहिला तेव्हा रक्कम ऐकून मी त्याला ती परत वाचायला लावली. इतके पैसे एकदम आमच्या घरात कधी आलेच नव्हते. ह्यांना मात्र विचार करायची गरजच पडली नाही. "शब्दकोश! सगळे खंड घ्यायचे. पुण्याला जाऊन."

"अहो, घरात पंखा नाही. सोलापूरचा उन्हाळा आहे म्हटलं, महाबळेश्वर नव्हे!"

म्हटलं खरं, पण मलाही शब्दकोशच हवा होता. भांडल्याशिवाय हो म्हणायची सवय नव्हती, एवढंच.

आमची पोरगी तेव्हा चार वर्षांची. तान्ही असल्यापासून तिला सांभाळलं होतं समोरच्या अम्मांनी. भवानी पेठेत आमच्या समोरच्याच खोल्यांत त्यांचं विणकराचं बिऱ्हाड. घरात दोन माग, आणि बोलणं सगळं तेलुगू. मी शाळेला निघाले की पोरगी त्यांच्या कडेवर. त्यामुळे तिचं पहिलं बोलणंच तेलुगू झालं. दूध म्हणजे पालु, पाणी म्हणजे नीळ्ळु, आणि अम्मा म्हणजे अम्मम्मा, आईची आई. हे तर वही घेऊन पोरीच्या मागे मागे फिरायचे. एकदा अम्मांनी ह्यांना जेवायला बसवलं. आमटीची एक पळी भातावर घातली, दुसरी वर धरून ह्यांच्याकडे पाहिलं. हे मोठ्या खुशीत म्हणाले, "चालू, चालू!" झालं, अम्मा पातेलं उचलून आत गेल्या. तेलुगूत चालू म्हणजे पुरे! कोरडा भात गिळत गिळत हे तो शब्द वहीत लिहून घेत होते, आणि चेहरा असा की जणू पुरणपोळी वाढलीय.

तेव्हा मीही हसले. पण आदल्या जूनमध्ये पोरीला बालवाडीत घालायला नेलं, तर तिनं मुख्याध्यापिकाबाईंसमोर "नीळ्ळु, नीळ्ळु" करत भोकाड पसरलं. बाई हसून म्हणाल्या, "मराठीच्या बाईंची ना ही मुलगी?" माझं डोकंच फिरलं. तिथून निघाले ती तडक अम्मांच्या दारात. "अम्मा, आजपासून तिच्याशी मराठीतच बोलायचं. तेलुगूचा एक शब्द नको."

"बरं की, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांना मराठी यायचं ते बाजारापुरतं. भाजीचा भाव करण्याइतकं, लेकराला थोपटून निजवण्याइतकं नाही. मग त्या गप्पच राहायला लागल्या. पोरगी मांडीवर, आणि दोघीही गप्प. मला आमच्या दारातून ते दिसायचं, आणि मी मनात म्हणायचे, होईल सवय. काय मेलं काळीज होतं माझं! त्याच वर्षी दिवाळीनंतर अम्मांच्या मुलाला भिवंडीला मागावर काम मिळालं आणि सगळं बिऱ्हाडच तिकडे गेलं. पोरीनं आठवडाभर समोरच्या कुलपाला हात लावून पाहिलं, मग तेही सोडलं.

एप्रिलात बक्षीस आलं, मेची सुट्टी लागली, तसे आम्ही तिघं पुण्याला निघालो. गाडी हैदराबादकडून मुंबईला जाणारी, त्यामुळे डबाभर तेलुगू माणसं. समोरची बाई नवऱ्याला काहीतरी सुनावत होती. पोरगी खिडकी सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसली. ह्यांचं आपलं चाललं होतं, कुठला खंड कुठल्या फळीवर ठेवायचा ते. जेऊर मागे पडलं तेव्हा पोरीनं माझा पदर ओढला.

"आई, ही बाई अम्मम्मासारखी बोलते. आपण अम्मम्माकडे का नाही जात?"

आख्खा वर्ग एका दमात गप्प करणारी मी, तिला खिडकीबाहेरची झाडं दाखवायला लागले. ह्यांनी खंड सोडून पोरीला मांडीवर घेतलं.

पुणं आलं. मी पिशव्या उचलल्या, तर हे जागचे हलेनात.

"अहो, पुणं!"

"दिसतंय मला. बस खाली. कल्याणला उतरू, तिथून भिवंडी जवळ आहे."

"आणि शब्दकोश?"

"तो कुठं पळून जातोय? पोरगी मात्र मोठी होतेय."

लग्नाला सात वर्षं झाली होती, पण हा माणूस माझ्याशी वादात असा कधी जिंकला नव्हता. तपासनिसाकडून त्यांनी पुढचं तिकीट करून घेतलं. अम्मांच्या मुलानं पाठवलेलं पोस्टकार्ड ह्यांच्या वहीत होतं, त्यावर पत्ता होता.

भिवंडीत गल्लीभर मागांचा खडखडाट. अम्मा दारात आल्या, केसांत सुताची तुसं. पोरीला पाहिलं आणि त्यांना राहवेना. तिच्या गालांवरून हात फिरवत, हसत, रडत, तेलुगूत किती काय काय बोलत राहिल्या. पोरगी माझ्या मागे दडली.

"आई, अम्मम्मा काय बोलते?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी वही उघडलीसुद्धा, पण तीत होते सुटे सुटे शब्द. अम्मांचं बोलणं आम्हाला सांगू शकेल असं आमच्यात एकच माणूस होतं, आणि तिलाच मी ते विसरायला लावलं होतं. किती शुद्ध वाक्य होतं पोरीचं! मला हवं होतं अगदी तस्सं. मला भररस्त्यात रडू फुटलं.

अम्मांनी हात मागे घेतला. डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "चुकलं, बाई. मराठीत बोलते."

"नको!" मी अशी ओरडले की आत मागावर बसलेला माणूस वाकून बघायला लागला. "नको अम्मा, पाया पडते तुमच्या. तुमचंच बोला. तिच्याशी बोला, माझ्याशी बोला, मला कळो न कळो!"

शेजारचीच एक खोली आम्ही महिनाभरासाठी घेतली. चार दिवसांनी हे कामावर परत गेले, मी आणि पोरगी राहिलो. बक्षीस त्या खोलीत, दुधात, आंब्यांत, अम्मांच्या एका लुगड्यात संपलं. सोलापुरात ऐकलं त्यानं आम्हाला वेड्यात काढलं. काढू देत.

पहिले काही दिवस पोरगी नुसती ऐकायची. मग एखादा शब्द, तोही अम्मांच्या कानात. आणि एका दुपारी तिनं अम्मांचे निवडलेले तांदूळ सांडले म्हणून मी तिच्यावर खेकसले. तशी ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि मला तेलुगूत काहीतरी बोलली. धडाधड, एका दमात, पाय आपटून. हसून हसून अम्मांच्या हातातलं सूप हलायला लागलं.

"काय म्हणाली हो अम्मा?"

"न्हाई सांगत, बाई. लई वाईट बोलली."

"सांगा की!"

अम्मांनी तोंडाला पदर लावला. मी पोरीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"परत बोल," मी म्हटलं. "हळूहळू बोल. आईला शिकायचंय."