नववं बकल

११ मार्च २०१४. काम: परत आलेली कव्हरं उलगडून तपासणे.

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात लष्करी विमानांच्या इंजिनांसाठी रजईसारखी जाड कव्हरं शिवली जात. ध्रुवाकडच्या तळावर विमान उघड्यावर उभं असतं. कव्हर नसेल तर इंजिन गोठतं. एका कव्हराला बारा बकलं. नव्या नमुन्याचं प्रत्येक बकल उणे चाळीस अंशांच्या कोल्ड चेंबरमध्ये, म्हणजे गोठवणाऱ्या बंद खोलीत, दुहेरी हातमोजे घालून उघडून बघायचं, असा नियम. ते काम माझं.

त्या दिवशी कव्हरांबरोबर त्या तळावरचा एक मेकॅनिकही आला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या. बकल उघडेना म्हणून त्याने हातमोजे काढले, आणि बोटांची कातडी धातूला चिकटून निघाली.

"हातमोजे काढायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी शिकवतात," आमचा साहेब म्हणाला. "तुमची रजा होती का त्या दिवशी?"

"आमचा कप्तानही हेच विचारतो." मेकॅनिक हसला. "पुढच्या मोहिमेला नेणार नाही म्हणतो. बेशिस्त माणूस नको." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचं कव्हर चांगलंच आहे हो. घाई मीच केली."

कुठलं बकल, मी विचारलं. नववं, त्याने दाखवलं.

या नमुन्याची तपासणी झाली तेव्हा चेंबरमध्ये मी आठच बकलं तपासली होती. बोटं बधिर झाली होती, घरी जायची वेळ झाली होती. उरलेली चार बाहेर टेबलावर, उघड्या हातांनी पटापट उघडली आणि तपासणीच्या तक्त्यात बाराही रकान्यांत सही केली.

हे तिथेच सांगायला हवं होतं. मी त्याला कॉफी आणून दिली, तीही नेमकी उजव्या हातासमोर धरली. त्याने डाव्या हाताने कप घेतला आणि आभार मानले. मग त्याची गाडी फाटकाबाहेर गेली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, कुणाला कळणार आहे?" दिवसभर मी स्वतःला हेच सांगत होते. त्याच्या तोंडून ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोन्ही हातमोजे चढवून चेंबरमध्ये गेले. उरलेली चार पुन्हा तपासली; नववं आणि अकरावं काही केल्या उघडेनात. तसं लिहिलं, आधीची सही खोटी होती, हेही लिहिलं. एक प्रत साहेबाच्या टेबलावर ठेवली. दुसरी कप्तानाच्या नावे पाकिटात घालून स्वतः पोस्टात टाकून आले.